१२,३४,५६,७८९ : या संख्येची कुंडली मांडायची आहे

त्रैराशिक
१ ते ९ अंक ओळीने लिहिले की होणारी संख्या. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. दिसायला इतकी शिस्तीची, पण आतून कशी आहे?

आतापर्यंत एवढं झालंय: विषम आहे. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. भागाकार १,३७,१७,४२१. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ आता संपले. पुढे ५ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकानेही भाग जात नाही.

प्रश्न दोन. पहिला: १,३७,१७,४२१ ही मूळ संख्या धरायची का? दुसरा: ही सबंध संख्या कुठल्या कुठल्या वर्गात बसते? परिपूर्ण, न्यून, विपुल, हर्षद, वर्गांची बेरीज, जे काही असेल ते. साधा कॅल्क्युलेटर चालेल, पण उत्तर कसं आलं ते हवं. नुसतं 'संगणक सांगतो' नको.

बाकी_शून्य
नाही धरायची. तुमच्या भागाकारांवरून सिद्ध झालं ते इतकंच की तिचा सर्वांत लहान अवयव १०० च्या पुढे आहे. मूळ म्हणायला वर्गमूळापर्यंत जावं लागतं, आणि वर्गमूळ आहे ३७०३.७. ९७ वर थांबणं म्हणजे पहिल्या पायरीवर बसून जिना संपला म्हणण्यासारखं.

उगाच
मूळ आहे म्हणून धाग्याला कुलूप लावून टाका. कोण बघतंय :-)

पायथा_गोरस
मूळ नाहीये. आणि त्यासाठी ३७०३ पर्यंत भागत बसायचीही गरज नाही. फर्माची वर्गांच्या फरकाची पद्धत इथे अक्षरशः दोन पायऱ्यांत संपते.

विषम संख्या न = अ² − ब² अशी लिहिता आली की (अ − ब) आणि (अ + ब) हे तिचे अवयव. अ ची सुरुवात वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून करायची, अ² मधून न वजा करायचा, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. नसेल तर अ एकाने वाढवायचा.

न = १३७१७४२१, सुरुवात ३७०४ पासून.

३७०४² = १३७१९६१६. फरक २१९५. पूर्ण वर्ग नाही.
३७०५² = १३७२७०२५. फरक ९६०४. हा ९८ चा वर्ग.

म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

पडताळा: ३६०७ × ३८०० = १,३७,०६,६०० आणि ३६०७ × ३ = १०,८२१. बेरीज १,३७,१७,४२१. जमलं.

अंकगणिती
वा! एक भर. फरक पूर्ण वर्ग आहे का हे बघायला दर वेळी वर्गमूळ काढू नका. वर्गाच्या शेवटच्या दोन अंकांच्या १०० पैकी फक्त २२ जोड्या होऊ शकतात. एकक १, ४ किंवा ९ असेल तर दशक सम हवा. एकक ६ असेल तर दशक विषम हवा. ५ असेल तर शेवट २५ च हवा, शून्य असेल तर ००. एककाला २, ३, ७, ८ आले की तिथेच नापास. २१९५ चा शेवट ९५, म्हणजे बघायचीही गरज नाही. ९६०४ चा ०४, तो चालतो, मग वर्गमूळ काढा.

त्रैराशिक
दंडवत _/\_ मी ९ काढून न टाकता सबंध १२,३४,५६,७८९ वरच करून पाहिलं. वर्गमूळ ११,१११.११ आलं (हे बघूनच मजा वाटली), म्हणून ११,११२ पासून.

११११२ : फरक १९७५५
११११३ : फरक ४१९८०
११११४ : फरक ६४२०७
११११५ : फरक ८६४३६ = २९४²

पहिले तिन्ही शेवटच्या दोन अंकांवरच बाद झाले. पण अवयव आले १०,८२१ आणि ११,४०९. हे तर वेगळेच आकडे?

पायथा_गोरस
वेगळे नाहीत. दोघांच्याही अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो. १०८२१ = ३ × ३६०७ आणि ११४०९ = ३ × ३८०३. ९ मधला एक ३ एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. फर्माची पद्धत अवयव देते, मूळ अवयव देण्याची हमी देत नाही. मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची पुन्हा तपासणी करायची. ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या पुरतात (६१² = ३७२१, तो पुढे गेला). ३८०३ साठी ६१ सुद्धा घ्या. दोन्ही मूळ निघतात.

तर पक्कं : १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

तर्कट
पद्धतीचं कौतुक जरा जास्तच चाललंय. दोन पायऱ्यांत सुटलं कारण ३६०७ आणि ३८०३ शेजारी शेजारी आहेत, फरक फक्त १९६. हे नशीब, पद्धतीचा गुण नव्हे. उलटी संख्या घ्या, ९८७६५४३२१. ९ काढले की उरतात १०,९७,३९,३६९. यावर फर्मा चालवून दाखवा.

बाकी_शून्य
तर्कट यांचा मुद्दा बरोबर आहे, आकडेच मांडतो. १०९७३९३६९ = १७² × ३७९७२१. यात सर्वांत जवळची जोडी २८९ आणि ३,७९,७२१. त्यांची सरासरी १,९०,००५, आणि सुरुवात होणार १०,४७६ पासून. म्हणजे १,७९,५३० पायऱ्या! साध्या भागाकारात मात्र १७ सातव्याच फेरीला सापडतो.

उलट आपल्या संख्येत साध्या भागाकाराला ३६०७ पर्यंत पोचावं लागतं, आणि २ पासून मोजलं तर ती ५०४वी मूळ संख्या आहे.

अंदाज असा बांधावा: लागणाऱ्या पायऱ्या साधारण (अवयवांतला फरक)² ÷ (८ × वर्गमूळ). आपल्यासाठी १९६² ÷ (८ × ३७०३.७) = १.३, म्हणून दुसऱ्या पायरीला सुटली. अवयव एकमेकांपासून फार दूर असतील तर या सूत्रातला आकडा खऱ्यापेक्षा खूप मोठा येतो, पण 'इथे फर्मा नको' एवढं ते नक्की सांगतं.

व्यवहारात दोन्ही मिळून वापरायचं: आधी शंभर-दोनशेपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घ्यायचं, मग दहा-वीस पायऱ्या फर्मा, आणि तरी नाही सुटलं तर तिसरी वाट.

कूटकार
याच कारणाने आरएसए (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणारी संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत) किल्ली बनवताना दोन मूळ संख्या जवळजवळच्या घेत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेच्या प्रमाणात तसा नियमच आहे: २०४८ बिटांच्या किल्लीसाठी दोघींतला फरक २^९२४ पेक्षा मोठा हवा (^ म्हणजे घात).

आणि तिसरी वाट म्हणजे उदाहरणार्थ पोलार्डची 'प वजा १' (१९७४) किंवा विल्यम्सची 'प अधिक १' (१९८२). प म्हणजे शोधायचा मूळ अवयव; प − १ चे किंवा प + १ चे अवयव बारीक असतील तर या चालतात. आपल्याकडे:

३६०६ = २ × ३ × ६०१
३८०२ = २ × १९०१
३६०८ = २³ × ११ × ४१
३८०४ = २² × ३ × ३१७

म्हणजे 'प वजा १' ला मर्यादा ६०१ पर्यंत न्यावी लागेल, 'प अधिक १' ला ४१ पुरे. एवढ्या छोट्या संख्येसाठी हा मुंगीवर हातोडा, पण कुंडलीत नोंद असावी.

उगाच
कुंडली म्हणताय तर मंगळ आहे का तेवढं सांगा. बाकी तुमचं चालू द्या.

अंकगणिती
@उगाच, मंगळापेक्षा वाईट योग आहेत :-) आता त्रैराशिक यांचा दुसरा प्रश्न.

विभाजकांची संख्या: घात २, १, १. प्रत्येकात एक मिळवून गुणायचं, ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि स्वतः.

विभाजकांची बेरीज: (१+३+९) × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून स्वतःला वजा केलं की ५,४९,६६,०२७. ही बेरीज संख्येएवढीच आली तर परिपूर्ण, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. इथे ती संख्येच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून न्यून संख्या. परिपूर्ण नाही, विपुल नाही.

हिच्याशी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), हिच्याहून लहान संख्या: ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२.

आनंदी संख्या? अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा घ्यायची, १ वर पोचली तर आनंदी. २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७... फेरा पडला. दुःखी.

द्विमान रूप : १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. एकूण २७ बिट, त्यात १ आले १६ वेळा. ज्यात १ सम वेळा येतो तिला विनोदाने दुष्ट संख्या म्हणतात.

उगाच
न्यून, दुःखी आणि दुष्ट. स्थळ रद्द.

गणूकाका
निदान हर्षद तरी आहे की. ९ ने भाग जातो ना?

अंकगणिती
नाही काका, इथेच बरेच जण फसतात. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या *बेरजेने* भाग जाणारी. बेरीज ४५, आणि शेवटी ९ असल्यामुळे ५ ने भाग जात नाही. बेरजेची बेरीज करून ९ वर आणायचं नसतं. पुढे एक शून्य दिलं की मात्र काम होतं: १२३४५६७८९० ÷ ४५ = २७४३४८४२. आपल्या संख्येची पाचपटही हर्षद आहे, ६१७२८३९४५, अंकांची बेरीज पुन्हा ४५च.

गणूकाका
मान्य. मग १२३४५६७९ × ९ = १११११११११ येतं ते कसं? तिचे अवयव तर ३७ आणि ३३३६६७ असे वाचल्याचं आठवतं.

बाकी_शून्य
ती वेगळी संख्या, काका. तिच्यात ८ नाही, आठच अंकी आहे. आपल्या संख्येला ९ ने गुणलं की ११११११११०१ येतात, आणि त्यात १० मिळवले की दहा एक्के.

शून्यवादी
९८७६५४३२१ चा विषय निघालाच आहे तर: तिला आपल्या संख्येने भागलं की भागाकार ८, बाकी ९. दोघींचा मसावि म्हणूनच ९. हे का, तर सिद्धता दोन ओळींची आहे आणि फार देखणी आहे.

१२३४५६७८९ म्हणजे १ + ११ + १११ + ... + १११११११११ ही नऊ संख्यांची बेरीज. प्रत्येकीला ९ ने गुणलं की ९, ९९, ९९९... म्हणजे १० च्या घातांतून एकेक वजा. म्हणून नऊपट = १११११११११० − ९.

आता सरळ आणि उलटी संख्या एकीखाली एक लिहा. प्रत्येक स्थानी १+९, २+८, ३+७... दर वेळी १०. म्हणून दोघींची बेरीज १११११११११०. वरच्या ओळीत हेच घाला: नऊपट + ९ = सरळ + उलटी. म्हणजे आठपट + ९ = उलटी.

पुढची गंमत भागाकाराच्या दशांशात. ८१ ने गुणलं की सरळ संख्या होते १०^१० − ९१ आणि उलटी होते ८ × १०^१० + १. भागाकार = ८ + ७२९ ÷ (१०^१० − ९१). दहा-दहा अंकांचे गट करून लिहा:

८. ०००००००७२९ ००००६६३३९ ०००६०३६८४९ ...

प्रत्येक गट आधीच्याच्या ९१ पट: ७२९, ६६३३९, ६०३६८४९. चौथ्या गटापासून हातचे यायला लागतात, तिथे हा सरळपणा मोडतो.

तर्कट
दुसऱ्या गटात अंक कमी दिसतायत. मोजा.

शून्यवादी
खरंय, एक शून्य गळालं. ०००००६६३३९ असं हवं. पहिला आणि तिसरा गट बरोबर आहेत. धन्यवाद.

पायथा_गोरस
पटींची आणखी एक ओळ. २, ४, ५, ७, ८ या पटी घ्या: २४६९१३५७८, ४९३८२७१५६, ६१७२८३९४५, ८६४१९७५२३, ९८७६५४३१२. प्रत्येकीत १ ते ९ अंक एकदाच! ३ आणि ६ ला मात्र ३७०३७०३६७ आणि ७४०७४०७३४. कारण ८१ शीच जोडलेलं आहे. पटीत ३ चा अवयव असला की छेदातले ८१ चे २७ होतात, आणि १/२७ चा दशांश ०३७ ०३७ असा तीन-तीन अंकांनी फिरतो. तसा नसेल तर फेरा पूर्ण नऊ अंकांचा.

सोपान_पायरी
कापरेकरांचं नाव आलंच पाहिजे या धाग्यात. हर्षद हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीच दिलेलं. त्यांची ६१७४ ची रीत सगळ्यांना माहीत असते: अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, पुन्हा तेच. नऊ अंकांसाठी करा:

९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२

यातही १ ते ९ सगळे अंक एकेकदा आहेत. म्हणजे पुन्हा रीत लावली की पुन्हा तीच वजाबाकी, तेच उत्तर. १ ते ९ अंक एकेकदा वापरून ९! = ३,६२,८८० संख्या होतात, त्या सगळ्या एका फटक्यात ८६४१९७५३२ वर येऊन थांबतात. नऊ अंकांत असा दुसरा स्थिर आकडा ५५४९९९४४५.

आणि त्या ३,६२,८८० पैकी एकही मूळ नाही, कारण बेरीज सगळ्यांची ४५.

गणूकाका
११ ने भाग जाणाऱ्या तरी असतील ना त्यांत?

सोपान_पायरी
आहेत. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा २८ आणि १७ यायला हव्यात. आपल्या संख्येत त्या २५ आणि २०, म्हणून बाकी ५ उरते. अशी सर्वांत लहान संख्या १२३४७५८६९ = ११ × ११२२५०७९. सुरुवात १२३४ ठेवली की सम स्थानांवर २ आणि ४ सोबत ५ आणि ६ च बसू शकतात, म्हणून पाचव्या जागी ७ येणं भागच आहे.

७, ११, १३ तिन्हींची बाकी एकदम हवी असेल तर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. हसू नका, खरंच ४५६ च येतं. ७ आणि १३ ने भागून बाकी १, ११ ने ५. लाख-कोटीचे स्वल्पविराम बघून गट पाडू नका, शेवटच्या तिनानंतर ते दोन-दोनाचे होतात आणि उत्तर हमखास चुकतं. दोन-दोनाचे गट १०१ साठी: ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५.

यंत्रमाग
संगणकावर पडताळणाऱ्यांसाठी इशारा. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (संगणकाचा अपूर्णांक साठवण्याचा साचा) ही संख्या टाकली की आत १२३४५६७९२ साठवली जाते. फ्लोटमध्ये २४ सार्थ बिट, आपल्याला लागतात २७. म्हणून या टप्प्यात फक्त ८ च्या पटीच मावतात. मग ९ ने भागून बाकी ३ येते आणि माणूस कोडमधली चूक शोधत बसतो. डबलमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) संख्या नीट मावते, पण तिचा वर्ग नाही. खरा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, डबल देतं ...५२०, आणि एक्सेल १५ अंकांनंतर शून्यं घालून ...५०० दाखवतं. ६४ बिटांचा पूर्णांक घ्या, वर्ग त्यात आरामात बसतो.

कूटकार
+१. विषम संख्येचा वर्ग सम आला की तिथेच थांबावं.

त्रैराशिक
वर्गांच्या बेरजेचं राहिलं. ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे दोन वर्गांची बेरीज नक्की जमेल ना?

बाकी_शून्य
नाही. 'बाकी १ म्हणजे जमेल' हा नियम फक्त *मूळ* संख्यांसाठी. संयुक्त संख्येत ४ ने भागून बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातात असावा लागतो. ३ चा घात २ आहे, तो चालला असता. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३, आणि घात एकेकच. दोन बाकी-३ वाल्यांचा गुणाकार बाकी १ देतो, म्हणून वरून संख्या सोज्वळ दिसते. दोन वर्गांत बसत नाही.

पायथा_गोरस
तीन वर्गांत बसते मात्र. ८ ने भागून बाकी ५ आहे. अडतात त्या फक्त ४ चा घात × (८क + ७) अशा रूपाच्या. शोधायचं कसं, तर सर्वांत मोठा वर्ग आधी काढा: ११११११... नव्हे, पाचच एक्के. ११११११ घेऊ नका! ११,१११² = १२,३४,५४,३२१. उरले २४६८. आता २४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ = १९² + १६². म्हणून

१२३४५६७८९ = ११११११... (पुन्हा बोट घसरलं) = ११,१११² + ३८² + ३२²

उगाच
बोट घसरलं तरी २४६८ बघून स्थळाचा पुन्हा विचार करायला हरकत नाही.

त्रैराशिक
सगळ्यांचे आभार. वहीत उतरवलेली कुंडली, चूक असेल तर सांगा:

संयुक्त, विषम, ३² × ३६०७ × ३८०३. वर्गमुक्त नाही (३² मुळे). विभाजक १२, न्यून. हर्षद नाही, आनंदी नाही. पूर्ण वर्ग नाही, कारण १११११² आणि १११११२² च्या मधे आहे. दोन वर्गांची बेरीज नाही, तीन वर्गांची आहे. दोन वर्गांचा फरक ६ प्रकारे (१२ विभाजकांच्या ६ जोड्या). लागोपाठच्या धन पूर्णांकांची बेरीज १२ प्रकारे, कारण विषम विभाजक १२.

तर्कट
दोन दुरुस्त्या. तुमच्याकडेही एक एक्का जास्त पडलाय, १११११२ नव्हे ११११२. आणि लागोपाठच्या बेरजा ११, बारा नव्हेत. बाराव्यात एकच पद असतं, ती संख्या स्वतःच. दोन पदांची ६१७२८३९४ + ६१७२८३९५, तीन पदांची ४११५२२६२ + ४११५२२६३ + ४११५२२६४, उरलेल्या ९ तुम्ही काढा.